दोन कडव्यांच्या मधली हाक

ज्यांना हसायचंय त्यांनी आधी हसून घ्या, मग वाचा.

ही गोष्ट माझ्या संध्यामावशीच्या बाबतीत घडलेली आहे. नाशिकच्या एका रेडिओ केंद्रावर ती निवेदिका होती. केंद्राचं नाव लिहू नकोस असं तिनेच बजावलंय. मावशी तिखटमीठ लावून सांगणारी बाई नव्हे. अंगात ताप आहे म्हटलं तरी थर्मामीटर बघितल्याशिवाय ती मान्य करत नाही. अशी बाई हे सांगताना रडली, म्हणून मी लिहितोय.

साल २००३. फेब्रुवारी महिना. गुरुवार.

आणि रात्र नव्हती, बरं का. दुपारचे तीन वाजले होते. भुतं रात्रीच येतात हे आपणच आपल्या सोयीने ठरवलंय.

मावशीचा लोकगीतांचा कार्यक्रम असायचा. त्या दिवशी तिने एक जुनी टेप लावली. पेठ तालुक्यातल्या एका गावात, शाळेच्या खोलीत कधीतरी रेकॉर्ड केलेली. गाणारीचं नाव भागीबाई. भाताची रोपं लावताना म्हणायचं, आवणीचं गाणं होतं. आवाज बारीक, दमलेला. एक कडवं झालं की बाई थांबायची, श्वास घ्यायची, मग पुढचं कडवं.

गाणं संपलं आणि फोन वाजला.

"ताई, गाण्याच्या मधी कोण हाक मारतंय?"

मावशीला वाटलं, ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल. पण पंचवटीतून एका बाईने तेच विचारलं. मग एका रिक्षावाल्याने. सगळ्यांचं म्हणणं एकच. कडवं संपतं, बाई थांबते, आणि त्या शांततेत...

कुणीतरी हाक मारतं.

मावशी तर कानाला हेडफोन लावून बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

ती दिनेशकडे गेली. दिनेश तिथला इंजिनियर. दोघांनी टेप परत लावली. कडवं, शांतता, कडवं, शांतता. हाक नाही.

"ताई, तुम्ही इथं ऐकता तो कच्चा आवाज," दिनेश म्हणाला. "बाहेर जातो तो त्या यंत्रातून जातो." त्याने कोपऱ्यातल्या रॅककडे बोट दाखवलं. "मोठा आवाज दाबायचा, बारीक आवाज उचलायचा, एवढंच त्याचं काम. रिक्षात, स्वयंपाकघरात, सगळीकडे सारखं ऐकू आलं पाहिजे ना. बाई गाते तेव्हा ते तिला दाबून धरतं. बाई थांबली की त्याला वाटतं आवाज कमी पडला. मग ते उचलत सुटतं. मागे पंखा असो, कुत्रं असो, सगळं वर येतं."

"म्हणजे हाक टेपमध्येच आहे?"

"असणारच. नसलेलं ते कुठून उचलणार?"

त्याने टेपचा आवाज पूर्ण वाढवला. खरखर आली. पंख्याची घरघर आली. शाळेबाहेर कुठंतरी एक कोंबडा आरवला.

हाक नाही.

दिनेश हसला खरा, पण लगेच दुसऱ्या कामाला लागला. मावशी म्हणते, त्या विषयावर तो पुन्हा आपणहून कधी बोलला नाही.

पुढच्या गुरुवारी फर्माइश आली म्हणून मावशीने तेच गाणं लावलं. लावलं आणि ती स्टुडिओतून निघून थेट गेटवरच्या केबिनमध्ये गेली. तिथे गेणू वॉचमनचा छोटा रेडिओ असायचा.

गाणं चालू होतं. पण ते वेगळंच वाटत होतं. टेपवरची भागीबाई खोलीच्या पलीकडच्या टोकाला बसलेली वाटायची. रेडिओतली भागीबाई कानाशी आली होती. बांगड्या ऐकू येत होत्या. शब्द संपताना ओठ मिटल्याचासुद्धा आवाज येत होता. मावशीच्या मनात आलं, ही बाई आजारी आहे. टेप ऐकताना तिला हे कळलं नव्हतं.

कडवं संपलं.

शांतता हळूहळू वर यायला लागली. आधी खरखर. मग पंखा. मग...

"आवं..."

मावशी रेडिओकडे वाकली.

"आली बघा," गेणू म्हणाला.

दुसरं कडवं झालं. पुन्हा शांतता फुगत गेली...

"आवं..."

या वेळी जवळून. खेड्यातली बाई नवऱ्याला मारते तशी हाक. नाव नाही, गाव नाही. फक्त आवं.

तिसरं कडवं संपलं.

खरखर आली. पंखा आला. कोंबडासुद्धा आरवला. हाक आली नाही. पुढेही आली नाही.

"आज लवकर थांबली," गेणू म्हणाला. "मागच्या टायमाला शेवटपर्यंत होती."

तेवढ्यात गेटवर एक माणूस येऊन उभा राहिला. हातापायाला सिमेंट लागलेलं. म्हणाला, माझं नाव लहानू, इथं बांधकामावर आहे. मागच्या गुरुवारी साइटवर रेडिओ चालू होता.

"ती भागीबाई माझी मामी हाय. म्हंजी होती," तो म्हणाला. "वारली ती. झिपरूमामा तवा द्राक्षाच्या छाटणीला गेल्ता, दिंडोरीकडं. मामीला छातीचा आजार. दोन रोज नुसती आवं, आवं करत होती."

"मग कुणी काही बोललं नाही तिच्याशी?"

"बाया लय रडल्या, बाई. पर आवं म्हणली तर ओ नवऱ्यानंच द्यायाची. दुसऱ्या कुणी कशी द्यावी? मामा आला तवा राख गार झालती."

लहानूने हातावरचं सिमेंट खरवडलं. मग म्हणाला, "मामाच्या गावाला तुमचा रेडिओ लागत नाय. डोंगर आडवा येतो. फुडच्या गुरवारी मी त्याला घिऊन येतो. गाणं लावा तेवढं. त्याला एकदा ओ देऊ द्या."

मावशी हो म्हणाली. नाही म्हणायला ती काही दगड नव्हती.

संध्याकाळी ती घरी गेली. अमितकाका, म्हणजे मावशीचे यजमान, सातपूरला कंपनीत होते आणि त्या आठवड्यात त्यांची रात्रपाळी होती. दुपारी ते घरी झोपायचे, बायकोचा कार्यक्रम म्हणून उशाशी रेडिओ लावून.

मावशीने चहा ठेवला. काका जेवणाचा डबा भरता भरता हसले.

"काय गं, तू आवं कधीपासून म्हणायला लागलीस?"

मावशीच्या हातातली साखर सांडली.

"दुपारी हाक मारलीस ना. मला वाटलं, लवकर आलीस. एकदा ऐकली, झोपेत होतो. दुसऱ्यांदा मारलीस तेव्हा म्हटलं, ओ, काय गं? उठून बघतो तर घरात कुणी नाही."

मावशी सांडलेली साखर गोळा करत राहिली. तिला सगळं कळलं होतं. शहरभर ती हाक गेली होती, आणि तिच्यात नाव नव्हतं. अहो म्हणणारी बायको ज्याच्या घरात आहे अशा कुठल्याही माणसाने अर्धवट झोपेत ओ दिली असती.

ती ओ नेमकी मावशीच्या घरातून गेली.

गुरुवार आला. लहानू मामाला, झिपरूबाबांना, घेऊन आला. धुतलेला सदरा, नवी टोपी, दाढी करून आलेले. लग्नाला निघाल्यासारखे दिसत होते. मावशीला त्यांच्याकडे बघवेना.

"गावात म्हणत्यात, मेलेल्याला ओ दिऊ नको, मागं येतं," ते केबिनमध्ये टेकत म्हणाले. "यिऊ दे की. माझीच हाय ती."

गाणं सुरू झालं. भागीबाईचा आवाज आला तसे बाबा ताठ बसले. डोळे मिटले. ओठ हलत होते. गाणं त्यांना पाठ होतं.

कडवं संपलं.

खरखर वर आली... पंखा आला...

बाबा पुढे वाकले. तोंड उघडं ठेवलं होतं, ओ द्यायला तयार.

काहीच नाही.

दुसरं कडवं. तिसरं. दर वेळी ती शांतता फुगून केबिनभर व्हायची आणि दर वेळी रिकामीच निघायची. लहानू जमिनीकडे बघत होता. गेणूने रेडिओचा आवाज आणखी वाढवला. यंत्राने जेवढं म्हणून उचलता येईल तेवढं उचललं, पण भागीबाई त्यात नव्हती.

गाणं संपलं. बाबा रेडिओला म्हणाले,

"ओ... आलो."

रेडिओवर साबणाची जाहिरात लागली.

मावशीला राहवलं नाही. तिने त्यांना सगळं सांगितलं. नवरा, झोप, दुसरी हाक. बाबा रागावतील असं तिला वाटलं होतं. ते रागावले असते तर फार बरं झालं असतं, असं ती अजून म्हणते.

त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"माणूस कसा हाय तुमचा?"

"चांगला आहे, बाबा."

"मारत-बिरत नाय ना?"

"नाही."

"मंग बरं."

"तुम्ही घरी चला ना," मावशी म्हणाली. "तिथे येऊन ओ द्या. ती तिथे असेल तर..."

बाबांनी मान हलवली.

"आता नगं. एक ओ ऐकून ती आली. मी दुसरी दिली तर तिनं कुणीकडं जावं? लय घाबरट हाय ती, बाई. अंधारात एकटी मोरीत जायची नाय." ते उठले, टोपी डोक्यावर घातली. "तिला तेवढं सांगा, मी आल्तो."

लहानूने त्यांना हाताला धरून नेलं. ते पुन्हा कधी आले नाहीत.

तुम्ही विचाराल, अमितकाकांचं काय झालं. काही झालं नाही. आजही ठणठणीत आहेत. फक्त दुपारी झोपले की कधीकधी ओ म्हणतात. कुशीवर वळतात आणि पुन्हा झोपतात. उठल्यावर विचारलं तर त्यांना आठवत नाही. मी स्वतः एकदा ऐकलंय. त्या दिवसापासून मी मावशीकडे दुपारचा मुक्काम करत नाही.

टेपही आहे. ते गाणं केंद्रावर पुन्हा लागलं नाही.

बाबा गेले त्याच दिवशी मावशी घरी आली तेव्हा लोडशेडिंग होतं. काका कामाला गेले होते. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारचा टीव्हीसुद्धा बंद. तिने मोरीजवळ मेणबत्ती लावून ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ती हळू आवाजात म्हणाली,

"भागीबाई... ते आले होते. उशीर झाला, पण आले होते. तुम्हाला ओ द्यायला आले होते."

ती खूप वेळ थांबली.

भागीबाई रडली का, काही म्हणाली का, की घरात कुणी नव्हतंच, हे मावशीला आजतागायत माहीत नाही. इतकं बारीक बोललेलं उचलून ऐकवणारं यंत्र तिच्या घरात नव्हतं.