शेवटची शीट लावण्याआधी

रात्री सव्वानऊला ती तिसऱ्या मजल्यावर गेली ती फक्त एक फाईल ठेवायला. मीटिंग रूममध्ये जायचं, टेबलावर फाईल ठेवायची, दिवे लागतात का बघायचं आणि घर गाठायचं. सकाळी नऊ वाजता ऑफिसचे मालक ताबा घ्यायला येणार होते. सुपरवायझर म्हणून तिची ही पहिलीच साईट, आणि एक चूक आधीच तिच्या नावावर जमा होती. फरशी बसायच्या आधी तिने दारं बसवून घेतली होती. मग अकरा दारं उतरवून खालून तासावी लागली. कंपनीचे मोठे साहेब तेव्हा ओरडले नव्हते. "आणखी एक झाली की मग बोलू आपण," एवढंच म्हणाले होते. ते ओरडले असते तर बरं, असं तिला अजून वाटायचं.

मीटिंग रूममध्ये दोघं जण होते. नाना मिस्त्री दाराचं हँडल पक्कं करत होते आणि इलेक्ट्रिशियन, ज्याला सगळी साईट फ्यूज म्हणायची, शिडीवर उभा राहून शेवटचा दिवा बसवत होता. तिने फाईल ठेवली, शेवटचा दिवा बसेपर्यंत थांबली, दिवे दोनदा लावून बघितले, निघायला म्हणून दार उघडलं आणि उचललेला पाय तसाच राहिला.

बाहेरचा कॉरिडॉर ओल्या आरशासारखा चमकत होता. पार तिकडे जिन्याशी फरशीवर कोटिंग मारणारा रोलर पुसत होता.

"अहो! आम्ही आत आहोत!"

"मला काय माहीत, मॅडम? साडेनऊला सुरू कर म्हणून तुम्हीच सांगितलं होतंत!" तो तिथूनच ओरडला. "अडीचपर्यंत पाय ठेवू नका हं. उमटेल."

आणि जिना उतरून गेला.

"उडी मारली तर?" फ्यूजने विचारलं.

"चाळीस फूट आहे. मार की," नाना म्हणाले. "सकाळी मालकांना दाखवू, हा आमच्या इलेक्ट्रिशियनच्या तोंडाचा ठसा."

ती हसली, पण घशातल्या घशात. खोलीला खिडकी नव्हती. तिने आईला फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं आणि मागच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली. अकरा वाजता इमारतीचे दिवे आपोआप बंद झाले. मग फ्यूजची बॅटरी, मधोमध ठेवलेली, आणि छतावर तिचा एक पांढरा गोल.

"ताई," नानांनी विचारलं, "तुम्ही टेकला आहात ना, ती जिप्समची शीट आजच लागली. मागे डक्ट आहे, पाइप-वायरींची पोकळी. लावताना ठोकून घेतलं होतं?"

"ठोकून म्हणजे?"

"हे कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं." नानांनी पाय पसरले. "पोकळी बंद करताना शेवटची शीट हातात घेतली की तीनदा ठोकायचं आणि विचारायचं, आत कोण आहे? कधी वायरवाला आत असतो, कधी प्लंबर. उत्तर नाही आलं तरी बॅटरी मारून स्वतः बघायचं. मग स्क्रू."

"आणि नाही विचारलं तर?" फ्यूज म्हणाला.

नानांनी बॅटरी जरा जवळ ओढली.

"ऐकीव सांगत नाही. माझ्याबरोबर एक सुपरवायझर होते. आम्ही त्यांना टिकसाहेब म्हणायचो. तपासणीची यादी हातात पडली की खुर्चीतून न उठता सगळ्या रकान्यांत टिक. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. एका ऑफिसचं काम चाललं होतं, असंच. फाईलरूमची शेवटची शीट. शीटवाल्याने ठोकलं, विचारलं, आत कोण आहे? आणि आतून कोणीतरी म्हणालं... मी."

"च्यायला," फ्यूज पुटपुटला.

"शीटवाला धावत साहेबांकडे गेला. साहेब चहा पीत होते. म्हणाले, पाइपातली हवा असेल, लाव. त्याने लावली. संध्याकाळी मी स्वतः माणसं मोजली. एकूण एक घरी गेलेला. मग म्हटलं, असेल हवा."

तिच्या पाठीला भिंत गार लागत होती. मघाशी एवढी गार नव्हती.

"त्यानंतर चार दिवसांनी. सतरा नोव्हेंबर, गुरुवार, रात्री पावणेबारा. साहेबांचा फोन बंद पडला आणि चार्जर राहिला होता फाईलरूममध्ये. ते एकटेच आले. आत गेले. दार मागे लागलं. आणि दाराला आतून हँडल नव्हतं, ते मी दुसऱ्या दिवशी बसवणार होतो. यादीत मात्र हँडलपुढे टिक होती."

फ्यूजने दाराच्या नव्या हँडलकडे बघितलं.

"हाका मारून घसा बसला. मग साहेब गप्प बसून राहिले. अंधार. एक वाजून गेला असेल. तेवढ्यात दारावर ठोकलं. एकदा... दोनदा... तीनदा. बाहेरून आवाज आला, आत कोण आहे?"

नानांनी बोटाने फरशीवर तीनदा वाजवलं.

"साहेबांच्या जिवात जीव आला. ओरडले, मी! मी आहे! अरे, मी आहे आत!... बाहेर शांत."

"मग?"

"मग स्क्रू फिरायला लागला."

फ्यूजने पाय जवळ ओढून घेतले.

"एक झाला. दुसरा. खालून वर. वरून आडवा. साहेब दार बडवत होते. मशीन थांबत नव्हतं. चौकटीभर फिरून ते परत खाली आलं. आणि मग... बस्स."

"सकाळी?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

"सकाळी वॉचमनने नुसता हात लावला तर दार उघडलं. साहेब कोपऱ्यात बसलेले. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, आणि कामच सोडलं. हँडल बसवायला मी गेलो, ताई. चौकटीला बाहेरून भोकं होती. आठ-आठ इंचांवर. पुट्टी भरून, वर रंग मारून, वाळलेली."

बॅटरीचा गोल छतावर हलला. फ्यूजचा पाय लागला होता.

"आज तुम्ही होता ना इथे, शीट लागताना?" नानांनी हळूच विचारलं.

"हो."

शीट लागली तेव्हा, पावणेपाचला, ती तळमजल्यावर होती. खुर्चीत. यादीत चाळीस रकाने होते, आणि हा सदतिसावा. "डक्ट बंद करण्याआधी आतून पाहणी." तिने टिक केली होती, आणि पुढे सही.

"नाही," ती म्हणाली. "मी वर आलेच नाही."

ती उठली, भिंतीकडे वळली आणि तीनदा ठोकलं.

"आत कोण आहे?"

काही नाही.

तिने कान लावला. काहीच नाही.

"बघा मॅडम, कोणी नाही," फ्यूज घाईघाईने म्हणाला.

"उघडा."

"ताई, रंग आजचा आहे," नाना म्हणाले. "सकाळी जोड दिसणार. मालकांना नाही दिसला तरी मोठ्या साहेबांना दिसेल."

तासलेली अकरा दारं डोळ्यांपुढे आली.

"दिसू दे. मी बघितलं नव्हतं, हे मीच सांगेन त्यांना. उघडा, नाना."

फ्यूजने पुट्टी खरवडली. नानांनी मशीन लावलं. तो आवाज ऐकून तिने डोळे मिटून घेतले. एक स्क्रू. दुसरा. मग मोजणं सोडलं. शेवटी शीट सुटली आणि दोघांनी ती उचलून बाजूला घेतली.

तिने बॅटरी आत मारली. खाली. वर. डावीकडे, उजवीकडे.

पाइप होते. वायरी. धूळ.

तिघांनी एकदमच श्वास सोडला. "घ्या! नुसते पाइप," फ्यूज म्हणाला. "नाना, तुमच्या नादाने उद्या माझी झोप..."

तो थांबला.

नाना शीट टेकवायला वळवत होते. ते तसेच उभे होते. शीटची आतली बाजू उजेडाकडे आली होती.

बरोबर मध्ये, छातीच्या उंचीवर, निळ्या शाईची एक टिक. तिच्यापुढे सही. शेवटचं अक्षर लांब ओढलेलं, खाली रेघ, रेघेखाली दोन ठिपके. शाळेपासून ती तशीच सही करायची.

"ताई... तुम्ही वर आलाच नव्हतात ना?"

तिने मान हलवली. खिशातलं पेन चाचपलं. टोपण घट्ट लावलेलं होतं.

नानांनी सहीवरून अंगठा फिरवला आणि बॅटरीपुढे धरला.

अंगठा निळा झाला होता. शाई अजून ओली होती.

बाहेरचा मजला वाळायला अजून सव्वा तास होता.