सासूबाईंचा अंगठा

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. माझ्या डोळ्यांदेखत घडलं तेवढंच सांगते.

गेल्या नवरात्रातली भर दुपार. डोणगावातलं आमचं घर.

माझ्या मिस्टरांना, गजेंद्रना, जुना त्रास आहे. बसल्याबसल्या छाती पळत सुटते. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, "हृदय इतक्या घाईनं चालतं की त्यात रक्त भरायलाच वेळ मिळत नाही. विहिरीत पाणी नसताना मोटार चालवल्यासारखं." मानेत ठरावीक जागी दाबलं की नसेतून हृदयाला निरोप जातो आणि ते मंदावतं, हेही त्यांनीच सांगितलं. पण घरी करायचं नाही. दोन्ही बाजूंनी एकदम तर कधीच नाही. हृदय थांबू शकतं.

सासूबाई ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. झटका आला की यांच्या जबड्याखाली, उजवीकडे, अंगठा रोवायच्या.

"हळू रे बाबू... भरू दे."

पोळ्याच्या आसपास त्या गेल्या. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. अशा वेळी गेलेल्या माणसाला शब्द देतात, आम्ही सांभाळू, तुम्ही निश्चिंत जा. उन्हानं वैतागलेले भाऊराव काका भलतंच बोलून बसले.

"वहिनी, काऊन अडून राह्यली? गजूकडे तूच लक्ष ठेवजो."

कावळा लगेच शिवला.



त्या दुपारी लाईट गेली होती. हे पलंगावर छाती धरून बसले.

"अर्पिता, सुरू झालं."

मी गाडीसाठी फोन घ्यायला वळले...

मागून कापराच्या तेलाचा वास आला. सासूबाई गुडघ्यांना लावायच्या ते.

वळून पाहिलं. यांच्या मानेवर, उजवीकडे, कातडी आत दबत होती. अंगठ्याएवढी.

तिथे कुणाचाच हात नव्हता.

धाप उतरली. मी मनगट धरलं, नाडी ताळ्यावर आली होती. घाबरले होते, तरी मनातल्या मनात हात जोडले.

पण तो खड्डा तसाच राहिला.

नाडी आणखी मंदावली. एक ठोका... मग बराच वेळ काहीच नाही... मग एक.

यांचे ओठ पांढरे पडले. "आईले सांग ना, पुरे झालं. मले अंधारी येऊन राह्यली."

मला रडू फुटलं. "आई, भरलं. सोडा आता. तुमच्या पाया पडते."



मग कातडी हळूहळू वर आली.

डॉक्टर म्हणाले, आपोआप थांबलं, नशीबवान आहात. काका म्हणतात, घाटावर जाऊन वहिनीला जायला सांगू. मीच नको म्हणते. पुन्हा झटका आला आणि गाडी वेळेवर मिळाली नाही, तर?

यांच्या मानेवरची लाल खूण अजून गेलेली नाही. हे झोपेत असताना मी रोज सकाळी बघते.

आज डावीकडेही दिसली.