सात नंबरचा बिल्ला

भावजी जाऊन वर्ष झालं होतं, ताईच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन चार महिने. तरी त्या रिकाम्या घरात एकटीने राहायचा हट्ट काही ती सोडत नव्हती. धाकटीला दुसऱ्या दिवशी परत जायचं होतं. सांगून सांगून तिची जीभ झिजली, तेव्हा कुठे दोघींचं ठरलं. नदीकाठच्या उद्यानातली एक पायवाट ताईने अर्ध्यातून न फिरता पुरी केली, तर ती एकटी राहील. नाहीतर मुकाट्याने सामान बांधून धाकटीबरोबर जाईल.

फाटकाशी रखवालदाराची चौकी होती. आत फळीवर तीन रंगांच्या खुंट्या आणि त्यांवर नंबराचे बिल्ले. जाताना बिल्ला घ्यायचा, परत आल्यावर टांगायचा.

"हिरवी झाडीतून जाते, वीस मिनिटांची," रखवालदार म्हणाला. "पिवळी टेकडीवरून. निळी नदीला धरून."

"हिरवी घेऊ," धाकटी म्हणाली.

"ती म्हाताऱ्यांसाठी," पासष्ट वर्षांची ताई म्हणाली. "आम्हाला निळी द्या."

निळ्या रांगेतली सातवी खुंटी रिकामी होती. आत कोणी आहे का, धाकटीने विचारलं.

"आहे एकजण. मी नोकरीला लागायच्या आधीपासून." त्याने अकरा आणि बारा नंबर काढून दिले. "सगळे बिल्ले आल्याशिवाय कुलूप लावायचं नाही, असा नियम आहे. मी अजून एकदाही लावलेलं नाही."

ताई हसली. धाकटीला हसू आलं नाही.

दहा मिनिटांतच ताईला धाप लागली. धाकटीला मनातून बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. ताई दगडावर बसली. दुपार कलली होती, पाणी काठाशी काळं दिसत होतं आणि कुजक्या पानांचा वास येत होता. तिथेच एका मुळाला दोरी अडकलेली धाकटीला दिसली. निळा बिल्ला, नंबर सात.

दुसऱ्या कोणी तो तिथेच राहू दिला असता. पण धाकटीची वीस वर्षं ग्रंथालयात लोकांनी कुठेही टाकलेली पुस्तकं जागेवर लावण्यात गेलेली. हात राहतोय कसला. तिने बिल्ला पिशवीत टाकला.

त्यानंतर ताईला धाप लागली नाही.

वाट अरुंद होती. धाकटी पुढे, ताई मागे. खडीवर पावलं वाजत होती आणि धाकटीला ती मोजल्यावाचून राहवेना. आपली, ताईची आणि... ती थांबली. ताई थांबली. एक पाऊल जरा उशिरा थांबलं. मागे ताई हलकेच काहीतरी बोलत होती.

"कोणाशी बोलतेयस गं?" तिने न वळता विचारलं.

"तुझ्याशीच की," ताई म्हणाली. मग हळूच, "कोपर धरलंयस ना माझं?"

धाकटीचे दोन्ही हात पिशवीवर होते. ती वळली. मागे एकटी ताई उभी होती, गालांवर रंग आलेला, कोपर अंगापासून थोडं दूर धरलेलं.

उरलेली वाट धाकटीने जवळजवळ पळतच काढली आणि ताई तिच्या बरोबरीने आली.

चौकीत तिने अकरा टांगला, बारा टांगला, आणि घाईघाईने सातही जागेवर टांगला. रखवालदार बराच वेळ फळीकडे बघत राहिला.

"ज्याचा त्याने आणायचा असतो," तो म्हणाला. "बिल्ला आला म्हणजे माणूस आला."

त्याने फाटक उघडून धरलं. धाकटी बाहेर पडली. "एक." ताई पडली. "दोन..." फाटक तसंच धरून तो अदबीने थोडा मागे सरकला. "तीन." मग त्याने खिशातून गंजलेलं कुलूप काढलं आणि लावलं. त्याला ते दोन हातांनी दाबावं लागलं.

गाडीत ताई पुढच्या सीटवर बसली.

"जिंकले मी," ती म्हणाली. "उद्या तू निर्धास्त जा. माझी काळजी करू नकोस."

"ताई, तू चल माझ्याबरोबर. पैज गेली उडत. मी हात जोडते..."

"आता कशाला?" ताई म्हणाली. वर्षभरात तिचा आवाज इतका निवांत झाला नव्हता.

धाकटीने गाडी सुरू केली. दोघींनी पट्टे लावले. तरी गाडीची सूचना टुं टुं वाजतच राहिली. समोर दिवा लागला होता, मागच्या सीटचा. मागे वळून बघायचं धाडस धाकटीला होईना.

ताईनेही वळून बघितलं नाही. तिने मान नुसती जराशी कलती केली आणि घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली, "पट्टा लावून घे."

मागे खट् झालं. टुं टुं थांबलं.