तुला कुठं राहायचंय?

तो पहिल्यांदा आमच्या कारखान्यात आला तेव्हा मी जमिनीवर पसरलेल्या शिडावर गुडघे टेकून बसले होते आणि माझ्या तोंडात तीन टाचण्या होत्या. त्यानं दारातूनच विचारलं, इथं जाड कापडाचं आच्छादन शिवून मिळेल का. टाचण्यांमुळे मला बोलता येईना. मी मान हलवली. त्याला तो नकार वाटला असावा. 'बरं' म्हणून तो चालायला लागला. शेवटी टाचण्या हातात काढून मला मागून हाक मारावी लागली.

"अहो... मिळेल म्हणाले मी."

"असं? मानेवरून तर तसं वाटलं नाही."

मग त्यानं कुणी न सांगता बूट दारात काढले. ज्यांची शिडं आम्ही शिवतो ते बोटवालेसुद्धा खुशाल कापडावरून चालत येतात. ह्याच्या एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता, आणि तो दुसऱ्या पायाखाली लपवायच्या नादात स्वारी जवळजवळ कोलमडलीच. मी हसू दाबलं. दाबलेलं त्यानं पाहिलं.

आमचा कारखाना म्हणजे बंदरामागच्या गल्लीतली एक लांबलचक खोली. लाकडी जमीन, तीन मशिनं, भिंतीवर दोऱ्यांची रिळं. बाबा, आत्या आणि मी, असे तिघं तिथं बोटींची शिडं शिवत होतो. आलेला माणूस मधवाला होता. समुद्रापासून दिवसभराच्या वाटेवर, पार आतल्या भागात, त्याची शेती होती आणि सव्वाशे मधपेट्या. जिथं फुलं तिथं पेट्या ट्रकनं न्याव्या लागतात. त्यांच्यावर टाकायला, हवा जाईल पण माशी जाणार नाही असं काहीतरी त्याला हवं होतं. हे सांगता सांगता तो मध्येच थांबला. मी दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढत होते. जाड शिवणीचा दोरा असा मेणवावा लागतो. त्यानं तो गोळा उचलला, हुंगला, आणि कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तशा हळू आवाजात म्हणाला, "यात निम्मं मेणबत्तीचं मेण आहे."

बाबा वीस वर्षं ते मेण एकाच दुकानातून आणत होते. त्यांनी चष्म्यावरून त्याला एकदा पाहून घेतलं आणि मापं घ्यायचं काम माझ्यावर टाकून आत निघून गेले.

"पुढच्या वेळी खरं आणतो," तो म्हणाला.

"पुढची वेळ असणार आहे वाटतं?"

"कापड न्यायला नको का यायला?"

मापं घेताना कळलं की त्यानं समुद्र जवळून कधी पाहिलाच नव्हता. रस्त्यावरून दिसला होता, पण तिथं आपलं काही काम नव्हतं, असं त्याचं म्हणणं. मला याचं इतकं नवल वाटलं की हातातलं तसंच टाकून मी त्याला धक्क्यावर घेऊन गेले. भुरभुर पाऊस चालू होता. तो पायरीवर उभा राहून बराच वेळ नुसता बघत राहिला, आणि मग प्रश्न सुरू झाले. ओहोटीला बोटी चिखलात बसतात तेव्हा त्या कलंडत कशा नाहीत? भरती रोज थोडी उशिरा का येते? एवढ्या पाण्यात लाट किनाऱ्याशीच का फुटते? निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला येत नव्हती. जन्म या पायऱ्यांवर गेला आणि मला कधी हे विचारावंसंही वाटलं नव्हतं.

त्यानं ओठांवरून जीभ फिरवली. "इथला पाऊस खारट असतो?"

"पाऊस नाही, वारा."

"म्हणजे इथली माणसं कायम अशीच... खारट..." आपण काय विचारतोय हे लक्षात आलं तसा तो कानांपर्यंत लाल झाला आणि लाटांबद्दल आणखी एक प्रश्न विचारून त्यानं वेळ मारून नेली.

महिन्याभरानं तो कापड न्यायला आला, खरं मेण घेऊन. नंतर मेण पार्सलनं यायला लागलं. प्रत्येक वडीला वेगळा वास आणि सोबत चिठ्ठी — 'कुठल्या फुलाचं, ओळखा.' मी आणि आत्या दुपारभर वडी हुंगत बसायचो आणि आमचा अंदाज हमखास चुकायचा. मी उत्तरात प्रश्न पाठवायचे. माश्यांना स्वतःची पेटी कशी सापडते? पाऊस पडतो तेव्हा आत बसून त्या करतात काय? एकदा त्यानं चुकून 'ओळख' असं लिहिलं. पुढच्या पत्रात मीही 'तू' लिहिलं, आणि ते चुकून नव्हतं. बाबा आठवडाभर नवं मेण मुकाट्यानं वापरत होते. मग एका सकाळी म्हणाले, "मेण बरं आहे." बाबांच्या तोंडून 'बरं' निघणं म्हणजे दुसऱ्या कुणी ढोल वाजवण्यासारखंच.

उन्हाळ्याच्या शेवटी मी त्याच्या गावी गेले. टेकड्यांच्या उतारावर घर, मागं सूर्यफुलांचं शेत, पलीकडे मेंढ्या. त्याच्या आईनं मला पाहुणी म्हणून बसूच दिलं नाही. मधाच्या खोलीत माश्यांपासून वाचायच्या टोप्यांचा ढीग होता, त्यातली फाटलेली जाळी तिनं माझ्या हातात ठेवली. मी ती शिडाच्या दुहेरी टाक्यानं शिवली. आई ती ताणून बघत म्हणाली, "आता टोपी फाटेल पण शिवण नाही." चार दिवस मी तिच्या मागं मागं फिरले आणि दिसेल त्याबद्दल विचारत राहिले. माती एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला काळी का? सूर्यफुलं म्हातारी झाल्यावर एकाच दिशेला का बघतात? "हिला सांगता सांगता मलाच माझं शेत कळायला लागलं," असं आई शेजारणीला सांगत होती.

चौथ्या दिवशी आम्ही पेट्यांपाशी उभे होतो, दोघांच्याही तोंडावर जाळी. त्यानं पेटीतली पोळ्याची एक चौकट उचलून धरली आणि तिच्याकडे बघतच विचारलं, मी त्याच्याशी लग्न करेन का.

"मला विचारतोयस की राणीमाशीला?"

"राणीमाशीचं... ठरलेलं आहे."

"मग जाळी वर करून विचार."

"आत्ता जाळी वर केली तर उत्तर ऐकायला कान जागेवर राहणार नाहीत."

मी हो म्हणाले. इथपर्यंत सगळं सोपं होतं.

खरी पंचाईत पुढं झाली. राहायचं कुठं? मी म्हटलं, मी तिकडे येते. तो म्हणाला, नको, तुझा समुद्र सुटेल, मीच येतो. मी म्हटलं, तुझ्या पेट्यांचं काय. तो म्हणाला, पेट्यांना चाकं लावता येतात, समुद्राला नाही. फोनवर रोज हेच चाले. दोघंही इतके चांगुलपणानं बोलत होतो की शेवटी दोघंही रडकुंडीला येऊन फोन ठेवायचो. एकदा त्याच्या आईनं मधूनच फोन हातात घेतला. "दोघंही त्याग करायला बसलात," ती म्हणाली, "तर संसार कोण करणार?"

शेवटी त्यानं मला न विचारता निर्णय घेतला. वसंताच्या सुरुवातीला बारा पेट्या घेऊन तो आला आणि बंदरामागच्या उतारावर त्या मांडल्या. बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे अर्ध्या दिवसाचं कामही धरलं. वरच्या मजल्यावरची एक खोली घेतली, तिच्या खिडकीतून डोलकाठ्यांची टोकं दिसायची. मी भारावून गेले होते. त्याच्या हाताला ग्रीसचा वास यायचा आणि तो म्हणायचा की त्याला इथं फार आवडतंय. मीही विश्वास ठेवला... ठेवायचाच होता म्हणून.

तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी धक्क्याच्या पायऱ्या उतरत होते. खालच्या ओल्या पायरीवर काहीतरी तपकिरी पसरलं होतं. वाकून पाहिलं, तर माश्या होत्या. शेकडो. जमिनीवरून सुटणारा सकाळचा वारा त्यांना पाण्यावर लोटत होता आणि भरती त्यांना परत आणून टाकत होती.

तो पेट्यांपाशीच होता. एका पेटीचं झाकण उघडं होतं आणि आतल्या निम्म्या चौकटी रिकाम्या होत्या. त्याला हे कधीपासून माहीत आहे, असं मी विचारलं. पहिल्या आठवड्यापासून, तो म्हणाला, थोड्या मरतातच. मग मी पायरीवरच्या माश्यांनी भरलेली ओंजळ पुढं केली. त्या ओल्या माश्यांकडे पाहून त्याचं तोंड एवढंसं झालं.

"सांगितलं असतं तर तू तिकडे यायला निघाली असतीस," तो म्हणाला. "माझ्यासाठी समुद्र सोडलास, असं मला आयुष्यभर वाटत राहिलं असतं."

"मला समुद्र आवडतो हे तुला कुणी सांगितलं?"

 खरं सांगायचं तर, इतकी वर्षं सगळे ते धरूनच चालले होते, मीसुद्धा. बाबांचा कारखाना, म्हणून मी शिडं शिवली. घर बंदरावर, म्हणून मी बंदराची. समुद्र वाईट नव्हताच. पण मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मी स्वतःलाही नाही.

त्यानं पेटीचं झाकण लावलं, हात शर्टाला पुसले. मग अगदी पहिल्या दिवशी धक्क्यावर विचारत होता तशाच खऱ्या कुतूहलानं त्यानं विचारलं, "तुला कुठं राहायचंय?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "पण त्या चार दिवसांत माझे प्रश्न संपले नव्हते. मला तिथली थंडी बघायचीय. पेरणी बघायचीय. तुझ्यासाठी नाही... म्हणजे, तुझ्यासाठीही. पण आधी माझ्यासाठी."

"आणि नाही आवडलं तर?"

"तर तोंड उघडून सांगेन. तुझ्यासारखं झाकण लावून ठेवणार नाही."

मग तो हसला, आणि हसता हसताच त्यानं डोळे मनगटानं पुसले.

बाबांना सांगायला मी दोन दिवस लावले. आत्या कारखाना सांभाळायला तयार होती, तसं तिनं बजावूनही सांगितलं होतं. तरी बाबा एकटे पडतील, असं मी चाचरत म्हणाले. बाबांनी मशीन थांबवलंसुद्धा नाही. "मी काय शीड आहे," ते म्हणाले, "वारा पडला की लोंबायला?" पण त्या दिवशी त्यांची शिवण दोनदा वाकडी गेली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती उसवली.

जाताना एक मशीन त्यांनी स्वतः ट्रकमध्ये चढवलं. माश्या बाहेर पडायच्या आत, पहाटेच पेट्या बंद करून आम्ही निघालो. मी खिडकीची काच खाली केली होती. दुपारपर्यंत हवेतला खारटपणा कधी गेला, ते मला कळलं नाही. त्याला बहुतेक कळलं होतं, कारण तो मधूनमधून माझ्याकडे चोरून बघत होता.

घराच्या अलीकडे त्यानं ट्रक थांबवला. आम्ही उतरलो. रस्त्यालगत हिरवा गहू कमरेपर्यंत आला होता आणि वाऱ्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकत होता. तो माझ्या शेजारी उभा राहिला. 

"बघ ना," तो म्हणाला, "वारा आला की अगदी समुद्रासारखं दिसतं."

मी नीट पाहिलं. कुठं वारा वळतोय, कुठं रान दाट आहे, कुठं पातळ, मध्ये एक वाट कुठं जातेय.

"नाही दिसत," मी म्हटलं. "शेतासारखंच दिसतंय. म्हणून तर आलेय."

आणि ती वाट कुठं जाते, हे विचारत मी त्याचा हात धरून आत शिरले.