बाजारातली गाभोळी

“ओ मॅडम, ती क्रेट द्राक्षांची हाय!”

जीवन बांधावरून ओरडला, पण तोवर उशीर झाला होता. नदीकाठी उपड्या पडलेल्या त्याच्या क्रेटवर एका मुलीने मासा चिरून ठेवला होता. तिने मान वर केली, कपाळावरची बट मनगटाने मागे सारली... आणि निफाडचा हा बागायतदार पुढचं भांडण साफ विसरला.

“धुऊन देते,” ती म्हणाली. “पण या पाण्याने धुतली, तर परत द्राक्षं ठेवायची हिंमत होईल का तुमची?”

नदीवर पांढरा फेस तरंगत होता. जीवनने क्रेट तिच्याकडेच राहू दिली.

ती योगिनी. राहायची पंचवटीत आणि कॉलेजात माशांवर संशोधन करायची. वरच्या अंगाला कारखान्यांचं सांडपाणी नदीत मिसळतं, त्याच्या खाली राहू माशाच्या पोटात अंडी धरतात की नाही, हे तिला बघायचं होतं. आषाढात मादीचं पोट गाभोळीने भरलेलं हवं. सहादू कोळ्याच्या जाळ्यातल्या माद्या मात्र रिकाम्या निघत होत्या.

“म्हंजे पुढं मासेच नाय राहणार?”

“अंडीच नाहीत, तर पिल्लं कुठून येणार?” तिचा चेहरा पार उतरला.

दर रविवारी ती येऊ लागली आणि दर रविवारी जीवनला नेमकं नदीकाठीच काम निघू लागलं. घर माळकरी, गळ्यात तुळशीची माळ, माशाच्या वासाने जीव कासावीस व्हायचा; तरी पठ्ठ्या क्रेट मांडून तिच्यासमोर बसायचा.

“मळमळतंय?” ती हसू दाबत विचारायची.

“छे! लय भारी वास हाय.”

“खोटं बोलताना तुमचे कान लाल होतात, जीवनराव.”

“माझ्या कानांकडं बघता व्हय तुम्ही?”

ती घाईघाईने माशाकडे बघू लागली. आता लाल व्हायची पाळी तिची होती.

आणि मग त्याने घोळ घातला. मासे न खाणाऱ्यानेच घालावा असा! नाकाला रुमाल लावून नाशिकच्या बाजारात गेला आणि सगळ्यात फुगीर पोटाचे दोन राहू घेऊन आला. ते धरणातले होते. “सहादूनं पहाटंच धरून ठेवलेत,” असं सांगून तिच्यापुढे ठेवले. सहादू गालात हसला आणि जाळं झटकू लागला. लोक गजरा आणतात, याने गाभोळी आणली! ती इतकी हरखली की कानांकडे बघायचंच विसरली. पुढच्या रविवारीही त्याने तेच केलं.

“सुधारतेय तुमची नदी!” ती म्हणाली. “उद्या अहवाल देते. सांडपाण्याची तपासणी आता बंद केली तरी चालेल.”

जीवनच्या पायाखालची जमीन सरकली. गप्प बसावं, तर ती अशीच हसत राहील... पण नदीतला फेस कायमचा राहील आणि उद्या खोटी ती ठरेल.

“योगिनी...” त्याने पहिल्यांदाच नाव घेतलं. “ते मासे बाजारातले हायेत. धरणातले. इथले नायत.”

“काय? पण का?”

“तुझा उतरलेला चेहरा बघवंना. तू मला आवडतेस — लय आवडतेस. मासे खोटे होते, पण हे खरं हाय.”

तिचे डोळे भरून आले ते रागानेच. “दोन वर्षांचं काम पाण्यात घालत होतास तू!” मग नदीकडे बोट करून म्हणाली, “उतर. जाळं धर.”

माळकरी जीवन कमरेएवढ्या फेसाळ पाण्यात उतरला. पाय खाजत होते, वासाने डोकं भणभणत होतं. तरी सहादूबरोबर त्याने जाळं ओढलं आणि मासा स्वतःच्या हाताने आणून क्रेटवर ठेवला. तिने चिरला. पोट रिकामं होतं.

“हा अहवालात जाणार,” ती शांतपणे म्हणाली. “आता मघाचं परत बोल.”

“मला तू आवडतेस.”

तिने पुढे झुकून त्याचे दोन्ही कान नीट तपासले. जराही लाल नव्हते.

“गाभोळी दिसेपर्यंत दर रविवारी यावं लागेल मला.”

“किती वर्षं?”

“लागतील तेवढी. हटणार नाही मी.”

“मग पंचवटीवरून कशाला? आमच्या घरूनच येत जा ना...”

“माळकऱ्यांच्या घरात मासे चिरणारी सून?”

“घरात नाय. या क्रेटवर चिरायचे.”

ती खळखळून हसली आणि माशाच्या वासाचा त्याचा ओला हात तिने घट्ट धरला.