कॉलरच्या आतलं नाव

तुरुंगाच्या फाटकावर झडतीसाठी आमचे डबे शेजारी शेजारी उघडले गेले, आणि दोन्हींत निघाल्या सुयाच. माझ्या रक्त काढायच्या, त्याच्या शिवणाच्या.

"तुम्ही टोचणार, मी टाचणार," कैद्यांना शिवण शिकवणारा मास्तर म्हणाला.

मी हसले नाही. माझा स्वभाव मुळातच संशयी. आई म्हणते, ही लग्नातसुद्धा नवऱ्याकडे ओळखपत्र मागेल. पण पुढच्या खेपेपासून फाटकाशी पोचताना मी केस सारखे करू लागले, हेही खरं.

आत कैद्यांची एचआयव्ही तपासणी करणं हे माझं काम. नवी लागण सापडत होती. कुणी नशेची सुई वाटून घेतलेली, तर बऱ्याच जणांच्या दंडावर ताजं गोंदण... चोरून, सगळ्यांना एकाच सुईने. आणि ती सुई शिवणाची. आत येत होती कुठून?

मग एकदा शिवणवर्गाच्या खिडकीतून दिसलं. एका कैद्याने मास्तरच्या हातात चिंधीची पुडी सरकवली, मास्तरने त्याला घडी केलेला शर्ट दिला. इकडेतिकडे बघत. शिवाय एवढ्या उकाड्यातही हा बाह्या कधी दुमडत नसे. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली: सुया हाच तर पुरवत नसेल? तक्रार केली तर हा जाणार. नाही केली तर आणखी कुणाला तरी लागण होणार. मला रडूच आलं.

वर्ग सुटल्यावर मी त्याला गाठलं. "पुडीत काय होतं, मास्तर?"

"सांगितलं तर वर कळवाल..."

"नाही सांगितलं तर नक्की कळवेन."

त्याने डबा उघडला. आत वाकड्या, शाईने काळ्या झालेल्या सुया.

"वर्गातून पळवलेल्या सुईने पोरं गोंदवतात ते नावच ना? बायकोचं, आईचं. मी म्हटलं, सुई मला द्या, नाव मी कॉलरमध्ये आतून भरून देतो. अंगाला लागून राहतं, रक्त काढत नाही. पण साहेबांना कळलं तर सुई देणाऱ्यालाच शिक्षा, मग कोण देईल? या नष्ट कशा करायच्या, ते तुम्हाला विचारणार होतो. धीर होत नव्हता."

"एवढं विचारायला धीर कशाला?"

त्याने बाही वर केली. पुसट अक्षरं. "मीही इथे कैदी होतो, मॅडम. हे असंच गोंदवलं, आणि दुखणं घेऊन बाहेर पडलो. रोज गोळी घेतो."

विचारण्यासारखं पुष्कळ होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाव कुणाचं?"

"जी एकदाही भेटायला आली नाही, तिचं."

"आणि... व्हायरल लोड?"

"रक्तात विषाणू कधीपासून तपासणीत सापडतच नाही. रिपोर्ट दाखवू?"

"दाखवाच."

त्याने दाखवला. मी दोनदा वाचला. असा रिपोर्ट टिकून असेल, गोळ्या चुकत नसतील, तर जोडीदाराला लागण होत नाही, हे मीच कैद्यांना घसा कोरडा करून सांगत असते. त्या दिवशी ते मी स्वतःला सांगितलं, आणि छाती धडधडायची ती धडधडलीच.

पुढच्या खेपेला त्याच्या सुया मी माझ्या वापरलेल्या, नष्ट करायच्या सुयांच्या बंद डब्यात टाकल्या आणि माझा पांढरा अ‍ॅप्रन त्याच्यापुढे धरला.

"कॉलरमध्ये आतून नाव भरून द्या."

"तुमचं?"

"माझं मला पाठ आहे..."

तो मान खाली घालून सुईत दोरा ओवायला लागला. इतका कसलेला हात, पण दोरा काही ओवला जाईना.

"तुम्ही अशा बघत राहिलात तर जमायचं नाही," तो पुटपुटला.

"बघणारच," मी म्हटलं, आणि त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसले. "माझा स्वभावच संशयी आहे."