नऊ सेकंदांची पोकळी

फाईलमध्ये पाच हजार सातशे तीस चित्रं होती. असायला हवी होती सहा हजार. व्हिडिओ तीन मिनिटं वीस सेकंदांचा, सेकंदाला तीस चित्रं. हिशेब सोपा होता. कमी पडणारी दोनशे सत्तर चित्रं इकडेतिकडे गळालेली नव्हती. ती एकाच ठिकाणची होती, सलग नऊ सेकंदांची. आवाज मात्र अखंड होता.

नीरजाने चष्मा काढून डोळे चोळले. आज नळाचा दिवस होता. पहाटेपासून बादल्या, हंडे, टाकी भरून ती गारखेड्यातल्या या स्टुडिओत आली होती आणि हात अजून दुखत होते. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. होऊन ती इथे लग्नांचे व्हिडिओ दुरुस्त करायची. मालक वरद तिची ओळख "आमची शास्त्रज्ञ" अशी करून द्यायचा आणि वरातीच्या व्हिडिओतले नवरदेवाच्या घोड्याचे हिसके काढायला बसवायचा.

"मोबाईल तापला असेल," ती म्हणाली. "तापला की चित्रं टाकून देतो, आवाज तेवढा ठेवतो."

समोरच्या खुर्चीतला ऋतुराज लासूर स्टेशनहून आला होता. त्याच्या वडिलांचा, आप्पासाहेबांचा, दहावा कायगाव टोक्याला गोदावरीच्या घाटावर झाला होता. व्हिडिओ त्याचाच, मेहुण्याने काढलेला.

"नेमकं तेवढंच गेलं बघा, मॅडम. कावळा शिवला तेवढं."

"तुम्ही पाहिलात ना शिवताना?"

ऋतुराज जरा घुटमळला. "मी हात जोडून डोळे मिटले होते. कोन तरी 'शिवला, शिवला' म्हनलं, मग समदेच म्हनले. मी बी म्हनलो. मेहुना म्हनतो, मी मोबाईलमध्ये बघत होतो, तो अडकला. गुरुजी म्हनतात, तुम्ही ओरडलात म्हनून मी पानी सोडलं. ऊन लई होतं, मॅडम. सगळ्याइला घरी जायचं होतं."

बायका वर झाडाखाली बसल्या होत्या. त्यांना काही दिसलं नव्हतं. आणि आता ऋतुराजची आई, आशाबाई, एकच धरून बसली होती: मला कावळा दाखवा.

"आप्पा अकरा दिवस दवाखान्यात नळीवर होते," ऋतुराज म्हणाला. "भाकर मागायचे. डॉक्टर नको म्हनायचे, आईनं दिली नाय. आता म्हनती, मानूस उपाशी गेला अन् पिंडाला बी कोनी शिवलं नाय. तवापासून घास घेती अन् उठती. निम्मी झाली वो ती."

"गेलेली चित्रं परत येत नाहीत," नीरजा म्हणाली. "पोकळी भरता येते फक्त. पोकळीआधीचं शेवटचं चित्र यंत्र पुन्हापुन्हा चिकटवतं. नऊ सेकंद सगळं थिजलेलं दिसेल, पण आवाज जुळेल."

"भरा मग. काही तरी दाखवतो तिला."

तिने काळ्या पडद्यावर एका ओळीची आज्ञा टाइप केली. आकडे सरसर धावले आणि थांबले. भरलेली चित्रं: दोनशे सत्तर. टाकलेली: शून्य.

सवयीप्रमाणे तिने ताळा करून पाहिला. प्रत्येक चित्राचा बत्तीस अक्षरांचा एक ठसा काढता येतो. चित्रातला एक ठिपका जरी बदलला तरी ठसा बदलतो. नकला असल्या तर दोनशे सत्तर वेळा एकच ठसा यायला हवा. एकशे नव्वदपर्यंत तो तसाच आला. पुढचे ऐंशी वेगवेगळे होते.

तिने त्यातलं शेवटचं चित्र उघडलं. घाटाचा दगड, पत्रावळ, भाताचा पिंड, वर काळे तीळ. सगळं आधीच्या चित्रासारखंच. फक्त पिंडाची उजवी कड थोडी कमी होती. कावळा नव्हता. जवळपास कोणीच नव्हतं. पोकळी संपल्यावर मोबाईलने खरोखर काढलेल्या पहिल्या चित्रात पिंड पुन्हा अख्खा होता.

तीच फाईल, तीच आज्ञा, तर उत्तरही तेच यायला हवं. तिने पुन्हा चालवून पाहिलं. वेगळे ठसे एकशे तीस. मग फाईल वरदच्या संगणकावर नेली. तिथे एकशे सत्तर निघाले, आणि पिंडाचा पाव भाग नव्हता.



"काय झालं, मॅडम?" ऋतुराजने विचारलं.

तेवढ्यात दार उघडलं. आशाबाई मघापासून बाहेर जिन्यात बसून होत्या. एसीने त्यांची हाडं दुखायची. पदर सावरत त्या आत आल्या.

"काय गं माय, दिसला का कावळा?"

"नाही, मावशी," नीरजा म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकद उरली नव्हती. "कावळा नाहीये त्यात."

"मंग काय हाये?"

नीरजा खुर्ची सोडून बाजूला झाली. आशाबाईंनी पडद्याला नाक लावून ते नऊ सेकंद पाहिले. स्पीकरमधून वारा येत होता, आणि शेवटाला गलका: शिवला, शिवला.

"उजव्या अंगानं," आशाबाई म्हणाल्या.

"काय?"

"भाकर बी उजवीकूनच मोडायचे. आधी कड." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता. "पुन्यांदा लाव."

"आई, चल," ऋतुराज म्हणाला.

"गप रे. जेवत्या मानसाला उठवू नाय."

नीरजाने पुन्हा आज्ञा दिली. दोनशे पाच. पिंड अर्धा.

"पुन्यांदा."

दोनशे अडतीस. तीळ पत्रावळीच्या कडेला सारलेले होते.

"दातात अडकायचे त्यांच्या," आशाबाई म्हणाल्या.

ऋतुराज भिंतीकडे तोंड करून उभा होता.

"पुन्यांदा लाव, माय."

दोनशे सत्तर.

शेवटच्या चित्रात पत्रावळ रिकामी होती. दगड, तीळ, ऊन.

आशाबाईंनी हात जोडले. मग पेलाभर पाणी मागून घेतलं आणि घटाघटा प्यायल्या. "ऋतू, भूक लागली रे मला. खाली पोहे भेटत्यात का बघ."

खिडकीतून नीरजाला त्या टपरीच्या बाकावर बसलेल्या दिसल्या. खाली मान घालून, घाई न करता, त्यांनी बशी संपवली. नीरजाने फाईल पेन ड्राईव्हवर घातली, ऋतुराजला नेऊन दिली आणि आपल्याकडची प्रत पुसून टाकली. मग तिने दोन्ही संगणक बंद करून पुन्हा चालू केले.

चारच्या सुमारास वरद आला. त्याने तिच्यापुढे एक हार्ड डिस्क ठेवली.

"शास्त्रज्ञ, सिल्लोडचं लग्न. पंगतीच्या शूटिंगमध्ये अडकतंय. आज देतेस का? नवरीचा बाप डोकं खातोय."

तिने फाईल उघडली. मांडवात पानं वाढून तयार होती. लांबच लांब रांगा, वाफा निघणारा भात, वर वरण. पंगत अजून बसायची होती. मध्ये एका जागी एक्केचाळीस चित्रं गळाली होती.

तिने आज्ञा टाइप केली, थोडा वेळ हात मांडीवर ठेवला, मग चालवली. ठसे काढले.

भरलेली चित्रं एक्केचाळीस. वेगवेगळे ठसे एक्केचाळीस.